हॉलंडेज सॉस घरी कसा करावा: नवशिक्यांसाठी सविस्तर कृती

विरजलेली साय घुसळली की लोणी वर येते, हे आपल्यापैकी बहुतेकांनी घरात कधी ना कधी पाहिलेले असते. सायीत स्निग्धांशाचे असंख्य सूक्ष्म थेंब पाण्यात विखुरलेले असतात. घुसळण्याने त्यांची आवरणे फाटतात, थेंब एकमेकांना चिकटत जातात, लोण्याचा गोळा जमतो आणि ताक खाली उरते. हॉलंडेज सॉस करणे म्हणजे नेमकी याच्या उलट क्रिया होय. जमलेले लोणी वितळवून ते पुन्हा बारीक थेंबांच्या रूपात पाण्यात पसरवायचे, आणि ते थेंब परत एकत्र येऊ नयेत म्हणून अंड्याच्या बलकाला मध्यस्थ बसवायचे, एवढेच या सॉसचे तत्त्व आहे. या सॉसला जिन्नस मोजकेच लागतात आणि वेळ पंधरा मिनिटे. तरीही तो अवघड समजला जातो, याचे कारण असे की लोण्याला पुन्हा एकत्र यायचे असते आणि बलकाला उष्णता मिळताच गोठायचे असते. या दोघांना सांभाळत मधून वाट काढणे हे कौशल्य आहे, आणि ते हाताच्या वेगापेक्षा आंचेवर अधिक अवलंबून आहे.

नावात हॉलंड असले तरी या सॉसची घडण फ्रान्समधली आहे. ला व्हारेन या फ्रेंच बल्लवाचार्याने १६५१ साली शतावरीच्या कोंबांसाठी लोणी, व्हिनेगर, मीठ, जायफळ आणि अंड्याचा बलक यांचा एक सॉस लिहून ठेवला होता, तो आजच्या हॉलंडेजच्या बराच जवळचा आहे. पुढे १७५८ साली फ्रेंचमध्येच ‘हॉलंडच्या पद्धतीचा सॉस’ या नावाने जी कृती छापली गेली, तिच्यात मात्र बलक नव्हता, तर लोण्याला पिठाचा आधार दिलेला होता. कढी फुटू नये म्हणून आपण तिला बेसन लावतो, त्यातलाच हा प्रकार. आज ज्याला हॉलंडेज म्हणतात त्यात पीठ नसते. तेथे सगळा भार बलकावर असतो. फ्रेंच पाककलेत ज्या पाच सॉसांना इतर सॉसांचे मूळ मानले जाते त्यांत याची गणना होते. फ्रेंच उच्चार ‘ओलांदेझ’च्या जवळ जाणारा असला, तरी आपल्याकडच्या हॉटेलांच्या मेन्यूकार्डांवर हॉलंडेज हेच रूप रुळले आहे, म्हणून येथेही तेच वापरले आहे.

जिन्नस आणि प्रमाण

पहिल्यांदा करताना दोन अंड्यांचे बलक आणि १०० ग्रॅम लोणी हे प्रमाण धरावे. आपल्याकडे लोण्याचे लहान पाकीट १०० ग्रॅमचेच मिळते, त्यामुळे वजनकाटा नसला तरी अडत नाही. याशिवाय दोन मोठे चमचे, म्हणजे सुमारे ३० मिलीलिटर पाणी, दोन लहान चमचे लिंबाचा रस, चिमूटभर मीठ आणि हवे असल्यास किंचित लाल तिखट लागते. एवढ्यात तिघांचे भागते. एक बलक याहून जास्त लोणी पेलू शकतो, काही कृतींमध्ये एका बलकाला ७५ ग्रॅमपर्यंत लोणी सांगितलेले असते. परंतु ज्याचा हात बसलेला नाही त्याने एका बलकामागे ५० ग्रॅमच्या पुढे जाऊ नये. लोणी कमी असले तर सॉस थोडा हलका होईल, पण फुटणार नाही.

पाण्याकडे नवशिक्यांचे दुर्लक्ष होते. पाणी घातले की सॉस पातळ होईल, या भीतीने ते वगळले जाते आणि मग लोणी अर्धे ओतून होते न होते तोच सॉस फुटतो. वास्तविक लोण्याचे थेंब ज्यात तरंगायचे ते हेच पाणी; ते अपुरे पडले तर थेंब एकमेकांना टेकतात आणि टेकले की मिसळतात. सॉसचा दाटपणा पाणी कमी केल्याने येत नाही, तर थेंब बारीक आणि भरपूर असल्याने येतो.

लिंबाच्या बाबतीत एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. परदेशी कृतींमध्ये जे लिंबू अपेक्षित असते ते मोठे, पिवळे, जाड सालीचे आणि चवीला सौम्य असते. आपले कागदी लिंबू त्याहून बरेच तीव्र असते. म्हणून मूळ कृतीत जेवढा रस सांगितला असेल त्याच्या निम्म्याने सुरुवात करावी आणि उरलेला शेवटी चव पाहून घालावा.

आता लोणी. बाजारातल्या लोण्यात साधारण ८० ते ८२ टक्के स्निग्धांश असतो, बाकी बहुतेक पाणी आणि थोडे दुधाचे घन पदार्थ. पिवळ्या पाकिटातले नेहमीचे लोणी खारे असते, ते वापरल्यास वरून मीठ अजिबात घालू नये. चव पाहिल्यावर कमी वाटले तरच घालावे. बिनमिठाचे लोणी मिळाले तर उत्तम, कारण मग मिठाचा ताबा आपल्या हाती राहतो. घरी काढलेले पांढरे लोणीही चालते, मात्र ते दोन-तीन पाण्यांनी धुऊन त्यातले ताक पूर्ण काढून टाकावे आणि त्यातला पाण्याचा अंश लक्षात घेऊन १०० ऐवजी १२० ग्रॅम घ्यावे. विरजणाच्या लोण्याला जी हलकी आंबूस चव असते ती या सॉसला चांगली साजते. फ्रान्समध्येही लोणी पुष्कळदा विरजलेल्या सायीचेच असते.

तूप घातले तर काय होईल, हा प्रश्न मराठी घरात येणारच. तांत्रिकदृष्ट्या तुपाचाही सॉस बनतो, किंबहुना तो अधिक दाट बनतो, कारण तुपात पाणी नसते. पण साजूक तूप कढवताना त्यातली बेरी तांबूस होईपर्यंत भाजली जाते आणि तिचा खमंगपणा तुपात उतरतो. तो वास सॉसमध्ये सर्वांवर मात करतो. फ्रेंच लोकही लोणी तांबूस करून या सॉसचा एक प्रकार करतात, त्यामुळे तुपाचा प्रयोग करायला हरकत नाही, परंतु तो वेगळा पदार्थ समजून करावा. पहिला हॉलंडेज लोण्याचाच असावा, म्हणजे मूळ चव काय आहे हे तरी कळेल.

भांडी

एक लहान पातेले आणि त्याच्या तोंडावर नीट बसेल असे स्टीलचे किंवा जाड काचेचे गोल बुडाचे वाडगे घ्यावे. पातेल्यात दोन-तीन सेंटिमीटरच पाणी ठेवायचे असते. वाडगे वर ठेवून एकदा उचलावे आणि त्याचे बूड पाहावे. ते ओले झाले असेल तर पाणी जास्त आहे, थोडे ओतून द्यावे. बलक पाण्याने नव्हे, तर वाफेने तापला पाहिजे. अॅल्युमिनियमचे वाडगे टाळावे, कारण आंबटाशी आणि तारेच्या घासण्याशी संबंध येऊन सॉसवर करडी झाक येते.

फेटण्यासाठी तारांचे व्हिस्क लागते. ताकाची रवी येथे उपयोगाची नाही: ती खोल भांड्यात मधोमध फिरण्यासाठी असते आणि वाडग्याच्या कडांना पोहोचत नाही, आणि बलक सर्वांत आधी गोठतो तो कडांनाच. व्हिस्क नसेल तर दोन काटे-चमचे एकत्र धरून काम भागते, हात मात्र दुखतो. याशिवाय लोणी ओतण्यासाठी चोच असलेले लहान भांडे, एक बारीक गाळणी आणि शेजारी वाटीभर थंड पाणी हाताशी ठेवावे. ओट्यावर एक ओले फडके गोल गुंडाळून ठेवले, तर त्यावर वाडगे स्थिर राहते आणि एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने फेटता येते. ही फडक्याची युक्ती क्षुल्लक वाटेल, पण एकट्याने सॉस करणाऱ्याला तिच्यावाचून तिसरा हात लागतो.

लोणी आणि बलक तयार करणे

लोण्याचे तुकडे करून लहान भांड्यात अगदी मंद आंचेवर वितळवावेत. ते कडकडता कामा नये. वितळल्यावर वर पांढरा फेस येतो, तो चमच्याने काढून टाकावा. तळाशी दुधाळ पाणी बसते. ते काढायचे की ठेवायचे, याविषयी दोन मते आहेत. काढले तर सॉस दाट होतो, ठेवले तर लोण्याची चव अधिक येते. माझे मत असे, की सुरुवातीला वरचे स्वच्छ पिवळे लोणी घालत जावे आणि तळाचे पाणी राखून ठेवावे. सॉस फार दाट झाला तर तेच थोडे घालता येते. बलकात घालण्याच्या वेळी लोणी ५० ते ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास असावे. थर्मामीटर नसेल तर भांड्याला बाहेरून हात लावावा: चांगले गरम लागावे, पण हात झटकन मागे घ्यावा लागू नये.

अंडी फोडताना बलक आणि पांढरा भाग काळजीपूर्वक वेगळे करावेत. बलकाला चिकटलेला पांढऱ्याचा अंश आधी गोठतो आणि सॉसमध्ये त्याचे पांढरे कण दिसतात. कवचाच्या दोन अर्धुकांमध्ये बलक इकडून तिकडे करण्याऐवजी स्वच्छ धुतलेल्या हाताच्या तळव्यावर तो घेऊन बोटांच्या फटींतून पांढरा भाग गळू देणे सोपे जाते, शिवाय कवचाच्या धारेने बलक फुटत नाही. उरलेला पांढरा भाग झाकून फ्रिजमध्ये ठेवावा. दुसऱ्या दिवशीच्या ऑम्लेटात तो सहज खपतो.

वाडग्यात दोन बलक, दोन मोठे चमचे पाणी आणि एक लहान चमचा लिंबाचा रस घालून आंचेवर न ठेवताच मिनिटभर फेटावे. मिश्रण फिकट आणि फेसाळ होते. लिंबाचा काही रस या टप्प्यावर घालण्यास कारण आहे. आंबटामुळे बलकातील प्रथिनांना एकमेकांशी घट्ट गुठळी करणे जड जाते, आणि म्हणून मिश्रण थोडी अधिक उष्णता सहन करते. सगळा रस शेवटी घालायचा, असे सांगणाऱ्या कृती पुष्कळ आहेत. सरावलेल्या हाताला ते चालते, नवशिक्याने मात्र ही सवलत सोडू नये.

वाफेवरची चार मिनिटे

पातेल्यातले पाणी एकदा उकळून गॅस अगदी बारीक करावा, इतका की तळातून अधूनमधून एखादा बुडबुडा यावा. त्यावर वाडगे ठेवून न थांबता फेटत राहावे. वेगाची गरज नाही, सातत्याची आहे. व्हिस्क मध्ये फिरवून कडांकडे न्यावे, कडांवरून खाली आणावे, पुन्हा मध्ये. पहिले मिनिट-दीड मिनिट काहीच घडत नाही असे वाटते, आणि येथेच घाईने गॅस मोठा करण्याचा मोह होतो. तो आवरावा. पहिल्या प्रयत्नात मी तो आवरला नव्हता. पाणी खळखळ उकळत होते, वाडग्याचे बूड पाण्यात बुडाले होते, आणि दाराची बेल वाजली म्हणून मी अर्धे मिनिट व्हिस्क खाली ठेवले. परत आल्यावर वाडग्यात लिंबू घातलेली भुर्जी तयार होती. ती मुकाट्याने पावाबरोबर खाल्ली आणि नव्याने अंडी फोडली.

नीट चालले असेल तर तिसऱ्या मिनिटाच्या सुमारास मिश्रणाचे रूप बदलू लागते. मोठे बुडबुडे नाहीसे होऊन फेस बारीक आणि एकसारखा होतो, रंग फिकट पिवळा होतो आणि आवाजही बदलतो. आधीची पाणचट सळसळ जाऊन व्हिस्कचा घासल्यासारखा मऊ आवाज येऊ लागतो. या वेळी व्हिस्क फिरवताना मागे रेघ उमटते आणि क्षणभर वाडग्याचा तळ दिसतो. व्हिस्क उचलल्यावर मिश्रण पट्टीसारखे सावकाश गळते आणि पृष्ठभागावर दोन-तीन सेकंद टिकून मग मिसळते. हीच खूण. थर्मामीटर असल्यास तो या वेळी ६५ अंशांच्या जवळपास दाखवतो. नुसता बलक ६५ अंशांना घट्ट होऊ लागतो आणि ७० च्या सुमारास गोठतो. पाणी आणि आंबट यांमुळे आपल्या मिश्रणाला थोडी अधिक सूट असते, पण तिचा भरवसा धरून पुढे जाऊ नये.

मधूनमधून वाडग्याच्या कडेला तळहात लावून पाहावा. हात काढून घ्यावासा वाटला की वाडगे पातेल्यावरून उचलून दहा-पंधरा सेकंद बाहेरच फेटावे आणि पुन्हा ठेवावे. असे चार-पाच वेळा उचलावे लागले तरी कमीपणा मानू नये. गॅसची कळ फिरवून आंच कमी होईपर्यंत उशीर झालेला असतो. वाडगे उचलणे हाच खरा ताबा आहे.

लोणी घालणे

मिश्रण दाट झाले की वाडगे फडक्यावर ठेवावे. पहिले चार-पाच लहान चमचे लोणी अक्षरशः थेंब थेंब घालावे, आणि प्रत्येक थेंब पूर्ण नाहीसा झाल्याशिवाय पुढचा घालू नये. बलकात लेसिथिन नावाचा पदार्थ असतो, ज्याच्या रेणूचे एक टोक स्निग्ध पदार्थाला आणि दुसरे पाण्याला धरून राहते. लोण्याच्या प्रत्येक नव्या थेंबाभोवती हे रेणू आणि बलकातली प्रथिने यांचे आवरण बसायला वेळ लागतो. सुरुवातीलाच लोण्याचा लोंढा आला तर आवरण बसण्याआधी थेंब एकमेकांना गाठतात. एकदा का पहिले काही चमचे नीट जिरले, म्हणजे मिश्रण स्वतःच दाट होते, त्यात थेंबांना हलायला वाव राहत नाही, आणि मग उरलेले लोणी सुतासारख्या बारीक धारेने ओतता येते. धार ओतताना मिश्रणाच्या पृष्ठभागावर पिवळा तवंग दिसू लागला तर ओतणे थांबवावे आणि तो जिरेपर्यंत फेटावे.

सगळे लोणी संपायला चार ते पाच मिनिटे लागतात. तेवढ्यात वाडगे फारच निवले असे वाटले, तर मधे एकदा पंधरा सेकंद वाफेवर धरावे. शेवटी चव पाहून उरलेला लिंबाचा रस, मीठ आणि तिखट घालावे. सॉस चमच्याच्या पाठीवर साय धरावी तसा बसावा, पण वाटीतून सहज ओतता यावा. फार दाट वाटला तर एक लहान चमचा कोमट पाणी किंवा राखून ठेवलेले दुधाळ पाणी फेटून घालावे. बारीक कण दिसत असतील तर गाळणीतून गाळावा. जेवायला बसलेल्या कोणाला कळणारही नाही.

बिघडला तर

बिघाड दोन प्रकारचे असतात आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी नीट पाहावे. सॉसची तकाकी जाऊन तो रवाळ दिसू लागला आणि कडांना तूप सुटू लागले, तर बहुधा उष्णता जास्त झाली आहे. वाडगे ताबडतोब खाली उतरवून शेजारच्या वाटीतले एक मोठा चमचा थंड पाणी घालावे आणि जोराने फेटावे. वेळीच लक्षात आले तर सॉस डोळ्यांदेखत पुन्हा जुळून येतो.

लोणी पूर्ण वेगळे होऊन वर तरंगत असेल, तर मात्र त्याच वाडग्यात फेटून काही साधत नाही. दुसरे स्वच्छ वाडगे घ्यावे, त्यात एक नवा बलक आणि एक मोठा चमचा पाणी घालून वाफेवर आधीसारखेच दाट होईपर्यंत फेटावे, आणि मग फुटलेला सॉस हेच जणू लोणी आहे असे समजून तो थेंब थेंब, नंतर धारेने त्यात घालावा. यात वाया काहीच जात नाही. बलकाच्याच गुठळ्या झाल्या असतील तर मात्र उपाय नाही. गोठलेले अंडे पुन्हा पातळ होत नाही. गुठळ्या थोड्या असतील तर गाळून पाहावे, नाहीतर भुर्जी मानून पुढे जावे.

काही जण हा सगळा व्याप टाळून यंत्राने सॉस करतात. त्यासाठी उंच, अरुंद ग्लासात बलक, पाणी आणि लिंबाचा रस घालून त्यावर उभा हँड ब्लेंडर चालवत कडक गरम लोणी सावकाश ओततात. येथे बलकाला उष्णता फक्त लोण्यातून मिळत असल्याने लोणी कोमट चालत नाही. सॉस चांगला होतो, पोत थोडा मेयोनीजकडे झुकतो. आपल्या मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात मात्र हा प्रयोग करू नये. त्याच्या झाकणाला ओतण्यासाठी वाट नसते, आणि बंद भांड्यात गरम पदार्थ फिरवला तर वाफेच्या दाबाने झाकण उडू शकते.

सुरक्षितता आणि वाढणे

या सॉसमधला बलक पूर्ण शिजलेला नसतो. अंड्यांत साल्मोनेला जिवाणू असण्याची शक्यता असते, आणि अमेरिकेच्या कृषी खात्याची अंड्याच्या पदार्थांसाठीची शिफारस ७१ अंशांची आहे, जी या सॉसच्या नेहमीच्या तापमानाच्या वर आहे. त्यामुळे गर्भवती, लहान मुले, वृद्ध आणि आजारी व्यक्ती यांना तो देऊ नये. अंडी ताजी, न तडकलेली घ्यावीत, आणि केलेला सॉस शक्यतो लगेच, फार तर दोन तासांच्या आत संपवावा. तोवर तो थर्मासमध्ये ठेवता येतो. थर्मास आधी गरम पाण्याने विसळून घ्यावा. उरलेला सॉस फ्रिजमध्ये ठेवण्यात अर्थ नाही. लोण्याचा स्निग्धांश थंडीत खोबरेल तेलासारखा घट्ट होतो, आणि पुन्हा गरम करताना सॉस जवळजवळ नेहमीच फुटतो. म्हणून लागेल तेवढाच करावा.

हा सॉस शतावरीच्या कोवळ्या कोंबांबरोबर सर्वांत अधिक खाल्ला जातो. जर्मनीत पांढऱ्या शतावरीचा हंगाम २४ जूनला संपतो, आणि तोवरचे दोन-अडीच महिने उकडलेली शतावरी, बटाटे आणि हॉलंडेज हे तिकडचे ठरलेले जेवण असते; तेथे राहणाऱ्या मराठी मंडळींनी दुकानातला खोक्यातला तयार सॉस एकदा बाजूला ठेवून घरी करून पाहावा. आपल्याकडे शतावरीचे हिरवे कोंब मोठ्या शहरांत मिळतात, पण महाग असतात. त्याऐवजी कोवळी फरसबी, ब्रोकोली किंवा उकडलेले लहान बटाटे घेतले तरी चव जमते. मीठ-लिंबू लावून वाफवलेल्या सुरमईच्या तुकडीवर हा सॉस फार छान लागतो, फक्त माशाला हळद-तिखट लावलेले नसावे. पावावर हॅम, पाण्यात सोडून शिजवलेले अंडे आणि वर हॉलंडेज, हा न्यूयॉर्कचा प्रसिद्ध एग्ज बेनेडिक्ट आहेच.

हात बसल्यावर याच कृतीतून इतर सॉस निघतात. पाणी आणि लिंबाऐवजी व्हिनेगरमध्ये कांद्याच्या जातीचे लहान शॅलट आणि टॅरागॉन या सुवासिक वनस्पतीची पाने आटवून त्यावर बलक फेटला की बेर्नेझ होतो, तो भाजलेल्या मांसाबरोबर खातात. तयार हॉलंडेजमध्ये फेटलेली साय हलकेच मिसळली की मूसलीन.

कोणत्याही प्रकारे केला तरी वाढण्याआधी ताटल्या गरम पाण्यातून काढून, पुसून घ्याव्यात. थंड ताटलीवर सॉस पडला की कडेने तो थिजू लागतो. भाजी आणि मासेही पूर्ण निथळलेले असावेत, कारण त्यांच्यातून सुटलेले पाणी सॉसखाली साचले की सॉस घसरून ताटलीच्या कडेला जातो. आधी बाकी सारे जेवण टेबलावर मांडावे, मंडळींना बसवावे, आणि मगच बलक वाफेवर ठेवावा.